शाळेच्या मागची भिंत

प्रिय धाकट्या,

पोहोचलो, तब्येत बरी आहे, जेवण अळणी आहे. एवढं तुझ्या वहिनीला सांग. बाकीचं तुझ्यापाशीच ठेव. खोलीच्या दाराला आतून खुर्ची लावून लिहितोय. समोर सकाळपासून एकच गाडी उभी आहे. आत दोघं बसलेत, उतरत नाहीत.

परदेशातल्या कुठल्याशा खटल्यात भिंत तपासायला मला बोलावलंय, एवढंच तुला ठाऊक आहे. भिंत शाळेच्या मागची. युद्धात तिथे एकेचाळीस माणसांना उभं करून गोळ्या घातल्या, असा एका सेनाधिकाऱ्यावर आरोप आहे. तो म्हणतो, काही घडलंच नाही, गिलावा युद्धाआधीचा. सरकारी वकीलबाईंनी आधी तीन पदवीवाले इंजिनिअर आणले. तिघांनी 'बहुधा' म्हटलं. मी गवंडी, मी 'बहुधा' म्हणत नाही. दोन हात गिलावा खरवडला आणि सांगितलं : वीट भिजवलेली नाही म्हणजे काम घाईचं, छातीच्या उंचीला खड्डे बुजवलेत, बत्तीस फुटांचं काम एका माणसाने एका दिवसात उरकलंय. एका खड्ड्यातून गोळी निघाली. आरोपीचा वकील म्हणतो, ती मागाहून घुसवली. वरचा गिलावा अखंड होता, हे सांगणारा मी एकटाच. म्हणजे सगळा खटला माझ्या शब्दावर.

काल त्या वकिलाने विचारलं, शिक्षण किती? म्हटलं, चौथी, पण भिंत वाचायला पुरतं. दुभाष्याही हसला. मग माझी जीभ सैल सुटली. म्हणालो, गिलाव्यावरून मी कारागिराचा हात ओळखतो. तो लगेच म्हणाला, मग सांगा, हा हात कुणाचा? तेवढ्यात कामकाजाची वेळ संपली. उत्तर सोमवारी, शपथेवर.

अरे, हात मी मंगळवारीच ओळखला होता. थापीचे फेरे डावखुऱ्याचे. डावखुरे काय, पैशाला पासरी मिळतात, अशी मनाची समजूत घातली. मग कोपऱ्याशी गेलो. तिथे थापी फिरवलेली नव्हती. ओल्या अंगठ्याने वरून खाली गोलाई ओढलेली, दर वितीला अंगठा उचललेला. ही रीत मला कुणी शिकवली नाही, माझी मी काढली. आणि शिकवली एकालाच.

तू याच देशातला बांधकामाचा करार अर्धा टाकून आलास, थापी विकलीस, गोदामावर राखणदारी धरलीस. मी चारचौघांत तुला आयतोबा म्हणालो. तू खाली मान घालून जेवत राहिलास.

तुला जुंपलं होतं की तू आपणहून गेलास, तुझ्या डोळ्यांदेखत काय झालं, मला माहीत नाही. पत्र परवानगी मागायला लिहीत नाहीये. सोमवारी मी तुझं नाव सांगणार. 'ओळखत नाही' म्हटलं, तर माझी बाकीची साक्षही खोटी ठरेल आणि तो अधिकारी हसत बाहेर पडेल. पत्र घेऊन आलेली बाई वकीलबाईंची माणूस आहे. नाव झाकून जबाब देता येतो, पण तो माझ्या आधी दिलास तरच. मी बोललो की तुझं नाव त्या गाडीतल्या दोघांनाही कळेल, ती त्या अधिकाऱ्याचीच माणसं असणार. ती दारात थांबली असेल. कपडे भरत बसू नकोस. तिच्याबरोबर आत्ता नीघ.

तुझाच,
दादा