जाहिरातीतल्या पोरीचं घड्याळ

मंगळवार, संध्याकाळ

जेवताना ताईनं मोबाइलवर जुनी साबणाची जाहिरात लावली. हिरो रोज बसस्टॉपवर पोरीच्या मागं उभा राहतो, शेवटी ती हसते. लहानपणी लई भारी वाटायचा तो. आज पोरीकडं बघितलं. सारखी घड्याळ बघत होती.

"लाजतीय बघ," मी म्हणालो.

"लाजत नाय रे, बस कधी येतीय बघतीय. कुणी मागं येऊन उभं राहिलं की मी पण असंच बघायचे की."

खेकसलो तिच्यावर. पण जाहिरात परत लावून बघितली. स्वाती मला नाही म्हणाली, तरी उद्या परत होटगी रोडच्या स्टॉपवर तिच्या मागं उभा राहायला जाणार होतो. कॉलेज सोडल्यापासून तेवढंच काम. तीही घड्याळच बघते.

ताईचं ताट आज मीच घासलं. बरं झालं बोलली. उद्या नाही जाणार. बस उशिरा आली तरी स्वाती निवांत उभी राहील.