तिसऱ्या राउटरचा लाल दिवा

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

आज परत तीन कॉल तुटले. तिसऱ्या कॉलवर एक आजोबा बायकोच्या ऑपरेशनच्या विम्याच्या क्लेमचं विचारत होते. बोलता बोलता त्यांचा आवाज कापायला लागला आणि नेमकं तेव्हाच नेट गेलं. त्यांना वाटलं असेल, मीच फोन ठेवला.

संध्याकाळी सुपरवायझर अपेक्षाचा फोन. पंधरा तारखेपर्यंत घरचं नेट सुधारलं नाही आणि मागचा गोंगाट थांबला नाही तर सतरापासून ऐरोलीच्या ऑफिसला यायचं. हमरापूरहून ऐरोली! चार वर्षांच्या किमयाला कुणाजवळ ठेवू? सासूबाई असत्या तर गोष्ट वेगळी. सासरे, म्हणजे आण्णा, दिवसभर पुढच्या कारखान्यात गणपतींच्या कामात. रंगाचा कॉम्प्रेसर सुरू झाला की मला माझाच आवाज ऐकू येत नाही.

नोकरी जाणार. दुसरं काही दिसत नाही.

५ नोव्हेंबर

मेश वायफाय घ्यायचं ठरवलं. पेणचा प्रविण नेटची कामं करतो, त्याने समजावलं — तीन राउटर, तिन्हींचं नाव एकच. पहिला रस्त्याकडच्या खोलीत, दुसरा मधल्या घरात, तिसरा परसातल्या गोडाऊनात. आमच्या भिंती जांभ्याच्या, दीड हात जाड. नुसता हवेतून सिग्नल पोचणार नाही. म्हणून तिघांना वायरने जोडायचं.

गोडाऊनच्या माळ्यावर माझं ऑफिस. खाली आण्णांचे जुने साचे आहेत, तिकडे कुणी फिरकत नाही. कॉम्प्रेसरचा आवाजही जात नाही.

नवरा, जितेश, रोह्याहून आल्यावर त्याला सांगितलं. नाही आवडलं. म्हणाला, तिथे साप निघतात, माळ्याच्या फळ्या कुजल्यात. मी म्हटलं, मग मी कुठे बसू ते तू सांग. जेवला आणि झोपला. केमिकल कंपनीत दिवसभर राबून माणूस दमतो, कळतं मला. मी दमते ते मात्र कुणाला दिसत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

वायर पडली! प्रविण सकाळी नऊला आला तो चारला गेला. भिंतीला भोकं पाडताना ड्रिलचे दोन बिट मोडले. घरभर लाल धूळ. आण्णा खुर्ची टाकून बघत होते. भिंतीची चाळण केलीत, एवढंच म्हणाले. परसातून पाइप पुरून वायर गोडाऊनपर्यंत नेली.

आतलं काम मात्र जितेशने कुणाला करू दिलं नाही. स्वतः आत गेला, राउटर लावला, वायर खोचली, निघताना कुलूप लावून चावी स्वतःकडेच ठेवली. मला म्हणाला, किमयाला घेऊन बाहेर थांब, विंचू असतील. बरं वाटलं. किती दिवसांनी त्याने माझ्या कामाला हात लावला.

संध्याकाळी ॲपमध्ये तिन्ही दिवे हिरवे, म्हणजे नेट सगळीकडे चालू.

१० नोव्हेंबर

सकाळी नऊला गोडाऊनचा दिवा लाल. चावी जितेशकडे, तो रोह्याला. बघणार कोण? मधल्या घरात नेट आलंय, पण तिथे कॉम्प्रेसरचा आवाजही आहे.

११ नोव्हेंबर

लाल.

१२ नोव्हेंबर

संध्याकाळी जितेश घरी आल्यावर प्रविणला बोलावलं. गोडाऊनात वायर राउटरमधून निघून लोंबत होती. प्रविण म्हणाला, उंदीर असतील. परत खोचली. हिरवा.

१३ नोव्हेंबर

साडेआठला हिरवा. नऊला लाल. उंदीर घड्याळ बघून येतात का? आणि उंदीर वायर कुरतडतो. क्लिप दाबून काढत नाही.

दोनच दिवस राहिले. रात्री जेवताना जितेशसमोर रडले. लग्नाआधी पेणला क्लास घ्यायचे, ते सुटलं. आता हेही सुटणार. मग माझं म्हणून काय उरतं? रांधा, वाढा आणि कॉम्प्रेसर ऐका. तो ताटातला भात चिवडत राहिला. मग न जेवताच उठून परसात गेला. दगड आहे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

राजीनाम्याचा मेल लिहून ठेवला होता. पाठवायच्या आधी सवयीने ॲप उघडलं. तिन्ही हिरवे. साडेदहा वाजले तरी हिरवे!

कुठल्या राउटरवर काय जोडलंय तेही ॲप दाखवतं. पहिल्यावर आण्णांचा टीव्ही. दुसऱ्यावर माझा लॅपटॉप आणि फोन. तिसऱ्यावर काहीच नको होतं. तिसऱ्यावर एक फोन. नाव — जितेश. सकाळी आठ चाळीसपासून.

जितेश सातलाच कंपनीच्या बसला गेला होता.

प्रविणला फोन करून विचारलं, ॲप चुकतं का. "नाय ताई. फोन तिथंच हाय, म्हणून तर दिसतोय."

जेवणाच्या सुट्टीत गोडाऊनच्या मागच्या बाजूने गेले. एरवी आतून कडी असणारं शेताकडचं दार नुसतं लोटलेलं. साच्यांच्या मध्ये उलट्या बादलीवर तो बसला होता, कंपनीच्या कपड्यांत. मला बघून उठलाही नाही.

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून. कंत्राटातल्या सगळ्यांनाच काढलं." तो बुटाने माती उकरत राहिला. "वायर मीच काढत होतो. तू माळ्यावर आली असतीस तर दिसलो असतो. काल तू रडलीस... आज हात नाय धजला."

किती बोलायचं होतं मला. महिनाभर मला खोटं, आण्णांना खोटं, आणि वर माझीही नोकरी घालवत होतास! समोरच्या साच्याला हात टेकून उभी राहिले. हाताला सगळं प्लॅस्टर लागलं.

आण्णांनी अख्ख्या गावाला सांगितलंय, पोरगा यंदा पर्मनंट होणार.

"आण्णांना नको सांगू," तो म्हणाला. मी काही कबूल न करता परत आले. दोन वाजता कॉल सुरू झाले. संध्याकाळपर्यंत एकही तुटला नाही.

१५ नोव्हेंबर

राजीनाम्याचा मेल पुसला. अपेक्षाला कळवलं, नेट झालं, शांत जागाही झाली, मी इथूनच काम करणार. सोमवारपासून माळ्यावर मी, खाली तो.

आज सकाळी आण्णा ओटीवर चहा पीत होते. जितेश दारात बूट घालून उभा, पाय निघत नव्हता. मी आतून मोठ्याने म्हटलं, "जितेश, बस चुकेल. निघ."