किटलीऐवजी प्रेत हसलं

तीर्थस्वरूप ताईस,

क्योतोतल्या उझुमासाहून धाकट्या तामेकिचीचं जमिनीला कपाळ टेकून वंदन. (टेकलं नाही, मान अवघडली आहे, पण टेकलं असं समज.) इकडे ऊन मी म्हणतंय. तिकडे मात्सुएला तळ्यावरचा वारा तरी असेल. तुझा गुडघा, लेकीकडचं मांजर आणि तुझी नवी कवळी, तिघांचीही खुशाली कळव.

तर आपला सिनेमा. 'आपला' म्हणायचा मला हक्क आहे. चार भुताच्या गोष्टींचा तो एक सिनेमा आणि त्यातली तिसरी गोष्ट तुझी! देवळाच्या मासिकात तू लिहिलेली गोष्ट सिनेमावाल्यांनी घेतली, हे मी दुकानात आलेल्या प्रत्येक डोक्याला सांगितलं, तेही वस्तरा मानेवर असताना. (अशा वेळी माणूस नीट ऐकतो.) त्यातलं एक डोकं दिग्दर्शक कुराहाशींचं निघालं. आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले, "तामेकिचीसान, काय निपचित चेहरा आहे हो तुमचा!" झालं, मेलेल्या नवऱ्याचं काम मला मिळालं.

मला उत्तरेकडे डोकं करून निजवलं. कपडेवाल्या पोरीनं किमोनो डावी बाजू वर घेऊन नेसवला होता, जिवंत माणसासारखा. मी म्हटलं, "अगं, मी मेलोय! उजवी वर घे." ती म्हणाली, "आजोबा, मेलेलं माणूस एवढं बोलत नसतं." नाकात कापूस, छातीवर भुतं पळवायचा सुरा (बांबूचा), उशाशी भाताचा वाडगा आणि त्यात उभ्या खोवलेल्या जेवायच्या काड्या. मी सकाळपासून उपाशी. त्या भाताच्या वासानं प्रेताचं पोट दोनदा गुरगुरलं, पण ते मी खोकल्यात दडवलं. (प्रेतानं खोकायचं नसतं, हेही तेव्हाच कळलं.)

आता घात कसा झाला ते ऐक. या सिनेमावाल्यांच्या बोलीत एखादी वस्तू कॅमेऱ्यासमोरून उचलायची झाली, की 'हसवा' म्हणतात. खुर्ची हसवा, बादली हसवा. हे मला कोणी सांगितलं होतं? कोणीही नाही! तुझ्या गोष्टीतल्याप्रमाणे, माझ्या बायकोचं काम करणाऱ्या नोगिवाबाई माझ्याशेजारी बसून डोळ्यांत पाणी आणून विचारतायत, "माझी वांगी आवडायची का हो तुम्हाला?" तुझं प्रेत शेवटपर्यंत गप्प राहतं, म्हणून मीही गप्प. तेवढ्यात कोणीतरी विसरलेली चहाची किटली माझ्या उशाशी दिसली आणि सहायक ओरडला, "अरे, उशाशी बघा! हसवा, हसवा!"

उशीवर तर मीच होतो. थोडी वाट पाहिली, पण मला हसवायला कोणी येईना, तेव्हा आपणहूनच हसलो. अर्धवट काम आपल्याला जमत नाही. खदाखदा हसलो. एका नाकपुडीतला कापूस सुटला तो थेट बाईंच्या मांडीवर. छातीवर सुरा उड्या मारतोय. बाई किंकाळी फोडून मागच्या कागदी दारातून आरपार गेल्या आणि आवाजवाला चपला टाकून पळाला. मान तेव्हाच अवघडली. कुराहाशी मात्र नाचायलाच लागले: "हाच शेवट! प्रेत उत्तर देतं!"

पण करारात तुझी अट आहे ना, प्रेत बोलणार नाही, हलणार नाही म्हणून. तू नाही म्हणालीस, तर शेवट पुन्हा घेणार आणि माझ्या जागी एक सराईत प्रेत निजवणार. आजवर शंभरदा मेलाय म्हणे तो, आणि चेहरा बघशील तर शिळा मासा! ताई, मला फार वाईट वाटेल गं. चाळीस वर्षं माझ्या खुर्चीत बसून माणसं आरशात स्वतःलाच बघत आली. माझ्या तोंडाकडे कोणी पाहिलं ते या महिन्यात पहिल्यांदा.

तुझ्या गुडघ्यास जपणे. मांजरास अनेक आशीर्वाद.

तुझा
तामेकिची

ता. क. सोबत संमतीचा कागद आहे, त्यावर तुझा शिक्का हवा. कागद घडीत दडलाय, टाकून देऊ नकोस.

ता. क. दुसरा. तू म्हणशील, प्रेताला हसायचं कारण काय? तुम्ही क्योतोत होता तेव्हा भाऊजी दर महिन्याला केस कापायला यायचे आणि दर वेळी तुझ्या मिसो लावून भाजलेल्या वांग्यांचीच गोष्ट काढायचे. वर म्हणायचे, "तिला सांगू नकोस हां. रोज करत बसेल आणि हात भाजून घेईल." न्हाव्यानं गिऱ्हाइकाचं बोलणं बाहेर न्यायचं नसतं, म्हणून गप्प राहिलो. तुझी गोष्ट वाचली त्याच दिवशी लिहायला हवं होतं, धीर झाला नाही. फार आवडायची गं त्यांना, ताई. शिक्का नाही मारलास तरी चालेल.