चेंबरातली काजळी

सोमवार, ४ मार्च
रायफल परत अडकली! काडतूस आत जातं ते केसभर बाहेरच राहतं. एखादं नीट बसलंच, तर झाडल्यावर रिकामी पुंगळी चेंबर — नळीच्या मागचं काडतुसाचं घर — सोडत नाही. रविवारी निवड. क्लबाच्या नेमबाजी संघात एकच जागा उरलीय आणि तिच्यावर डोळा दोघींचा — माझा आणि वहिनीचा. दादा म्हणतो, "घरात रायफली दोन, जागा एक. मी आठवडाभर बाहेरच जेवतो."

क्लबात बंदुका दुरुस्त करणारी एकटी वहिनीच. तिच्याकडे कुठल्या तोंडानं जाऊ?

मंगळवार, ५ मार्च
गेले नाही. तीच आली. रायफल नंतर, आधी पुंगळ्या मागितल्या. खिडकीशी बसून एकेक बोटांत फिरवली, नख लावून पाहिलं. मग काडतुसं भरायचं मॅगझीन दुसरं लावून पाहिलं. मग तिची स्वतःची काडतुसं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची — "दोन बदलल्या की दोष कुणाचा, ते देवालाही कळत नाही." तरी अडकलीच. मग रायफल उघडून पुंगळी ओढणारा हूक काढला. धार शाबूत, स्प्रिंग ताठ. मी असते तर नवा हूक बसवून मोकळी झाले असते. काय चिकाटी आहे या बाईला!

बुधवार, ६ मार्च
सापडलं! चेंबरात बारीक दिवा धरून तिनं हाक मारली. नळी आरशासारखी — रोज घासते ना मी! पण मागे, काडतूस बसतं तिथं, काजळीचा टणक थर. चेंबर नळीपेक्षा रुंद, माझा ब्रश तिथून नुसता फिरून येत होता. वर मी लाडानं तेल सोडत होते, त्यात काजळी शिजून घट्ट. दिव्याखाली अंधार, दुसरं काय. ओशाळले.

वहिनी म्हणाली, "तेल घालतेस तरी. न घालणाऱ्यांच्या गंजक्या नळ्या दाखवू का?"

जाड ब्रश, द्रावण, थोडं थांबणं, पुन्हा ब्रश, शेवटी कोरडं फडकं. संध्याकाळी पुंगळ्या पटापट बाहेर पडत गेल्या. रडूच आलं. तिच्या जागी मी असते तर हे केलं असतं? नसतं. खरं ते लिहिलं.

शनिवार, ९ मार्च
वहिनी सरावाला आली नाही. कंटाळा आला म्हणे. हिला — कंटाळा?

रविवार, १० मार्च
नेमबाजांच्या रांगेत वहिनी नव्हती. मागे तपासनिसांच्या टेबलाशी बसली होती. क्लबाचे सेक्रेटरी म्हणाले, "निवडीच्या आठवड्यात दुसऱ्या स्पर्धकाची रायफल उघडणाऱ्यानं स्वतः उतरायचं नाही, असा नियम आहे. आपण उतरत नाही, हे तिनं मंगळवारीच कळवलं. तुला बोलली नाही?"

जागा माझी झाली. पहिली टाळी वहिनीची होती, आणि मला मान वर करता आली नाही.