साहेबांच्या मनगटावरची वेळ

प्रिय चिमणे,

तू गेल्यापासून दवाखान्यात माझं मन लागत नाही. तुझा कप अजून खिडकीतच आहे. नव्या नर्सला मी त्याला हात लावू दिलेला नाही. शाळेत तुझ्या डब्यावर नजर असायची, आता कपावर असते, एवढाच फरक.

बाकी इथलं काय सांगू, किळस येते. नोंदणीच्या कॉम्प्युटरमधला घड्याळाचा सेल कधीचाच मेलेला, हे तुला ठाऊकच आहे. वीज गेली की तो वेळ विसरतो. इंटरनेट असलं तर खरी वेळ आपणहून आणतो, पण आपलं इंटरनेट म्हणजे लहरी पाहुणा. मग मोठे डॉक्टर मनगट पुढे करणार आणि मी त्यांच्या घड्याळात बघून वेळ घालणार, हीच इथली रीत. ते घड्याळ त्यांनी मुद्दाम पुढे ठेवलेलं, सगळ्यांनी लवकर यावं म्हणून. तू म्हणायचीस, साहेब आपल्याआधी म्हातारे होणार.

त्या दिवशी त्यांनी इंजेक्शनची सूचना टाइप केली, तेव्हा मशीनमध्ये त्यांच्याच मनगटावरची वेळ होती. तेवढ्यात इंटरनेट आलं आणि घड्याळ मागे गेलं. मग तू इंजेक्शन देऊन नोंद केलीस. दिसतं काय, तर इंजेक्शन आधी, सूचना नंतर. पेशंटला रिअ‍ॅक्शन आली, घरचे चिडले, आणि न विचारता सुई टोचली म्हणून चौकशी होईपर्यंत तुला घरी बसवलं.

परवा कॉम्प्युटरवाल्याने नवा सेल घातला. आता इंटरनेट आलं तरी वेळ हळूहळू जुळेल, उडी मारणार नाही, अशी सोयही केली. डॉक्टरांना त्याने माझ्यासमोरच सगळा घोळ समजावला. ते म्हणाले, झालं ना दुरुस्त, मग जुनं कशाला उकरायचं? आणि मनगटावरचं घड्याळ काढून, बरोबर लावून, पुन्हा बांधलं. माझ्या डोळ्यांदेखत. आपल्या कॉन्व्हेंट शाळेत मदर आपले कान उपटायच्या, पण स्वतः चुकल्या तर वर्गासमोर सॉरी म्हणायच्या गं.

आज डॉक्टरांनी मला बोलावून चहा पाजला. चूक तुझीच होती असं लिहिलेला तुझा माफीनामा टाइप करून तयार आहे. तुमची मैत्रीण तुमचं ऐकेल, सही आणा, लगेच कामावर घेतो, म्हणाले. तो कागद मी टेबलावरच ठेवून उठले. उद्याच्या चौकशीत पेशंटच्या घरच्यांसमोर मी सगळं सांगणार आहे. माझी नोकरी जाईल, जाऊ दे. पण त्याआधी ते दुसऱ्या कुणाला तरी तुझ्याकडे पाठवतील. चिमणे, दारात कुणीही येऊ दे, अगदी रडत येऊ दे, सही करू नकोस.

अजूनही तुझीच,
ढोली