गोट्यांच्या वाळवंटात बाबा

४ नोव्हें., सोम.

पोचलो. घरून, मेडनहेडहून, तीन तास, त्यात बाबांसाठी दोन थांबे. शेवटचे पाच मैल रस्ता सरळ आणि दोन्ही बाजूंना काही नाही. झाड नाही, कुंपण नाही, गवतही नावाला. नुसते गोटे. लिंबाएवढे, बटाट्याएवढे, नजर जाईल तिथपर्यंत, आणि मग समुद्र. इंग्लंडमधल्या केंटच्या या टोकाला लोक वाळवंट म्हणतात हे ऐकून घरी हसलो होतो. गाडीतून उतरल्यावर हसू गेलं. इतकं आकाश एकदम अंगावर आलं की दार धरून उभा राहिलो.

बाबा: "शिऱ्या, इथं कोणी राहते का?"

मी: "आजपासून आपण."

ऑगस्टमध्ये नोकरी गेली, एकोणीस वर्षांची. आता हे. सीझन संपलेल्या कॅराव्हान पार्कची राखण, मार्चअखेरपर्यंत. बायकोला, मेधाला, हॉस्पिटलची नोकरी सोडता येत नाही, पण "जा" तीच म्हणाली. बाबा ऑक्टोबरात नागपूरहून आलेत, सहा महिन्यांसाठी. ती ड्यूटीवर गेली की घरात दिवसभर एकटे बसणार, त्यापेक्षा माझ्याबरोबर. निघताना म्हणाली, "दोघं एकमेकांना सांभाळा." कोणी कोणाला, ते नाही सांगितलं.

६ नोव्हें., बुध.

काम सुरू. साठ स्टॅटिक कॅराव्हान, म्हणजे जागच्या जागी उभ्या चाकांच्या खोल्या. एकीत आम्ही, बाकी सगळ्या रिकाम्या. थंडीत पाइप फुटू नयेत म्हणून प्रत्येकीतलं पाणी उतरवायचं, नळ उघडे ठेवायचे, वाऱ्यानं उलटू नये म्हणून जमिनीला बांधलेल्या साखळ्या तपासायच्या. दिवसाला सहा होतात. गुडघे बोलायला लागलेत.

बाबा मदतीला आले. म्हटलं, "अहो, तुम्ही व्हिजिटर आहात, कामाला हात लावायचा नाही, कायदा आहे." तर म्हणाले, "हेडमास्तर होतो तेव्हाही मी हात लावत नव्हतो. नुसता पाहून राहिलो." आणि खुर्ची टाकून बसले.

सबंध पार्कात आमच्याशिवाय एकच माणूस. पॅट. चौऱ्याहत्तरची, शेफील्डला बस चालवायची, आता मोटरहोममध्येच, म्हणजे गाडीतल्या घरात, राहते आणि हिवाळा दरवर्षी इथं काढते. सोबत बिस्किट नावाचा कुत्रा. बाबांना म्हणाली, "वेलकम टु द डेझर्ट, लव्ह." बाबांनी नमस्कार केला. तिनंही केला, कप हातात धरूनच.

१० नोव्हें., रवि.

आज बाबा मला समुद्रापर्यंत घेऊन गेले. मी त्यांना नाही, त्यांनी मला. चाळीस वर्षं पोरांना भूगोल शिकवला, त्यात दगडांचं भारी वेड. दर दहा पावलांवर वाकायचे, गोटा उचलायचे, अंगठा फिरवायचे, दातावर हलकेच आपटून बघायचे. "चकमक. हीपण चकमक. सगळी चकमकच आहे बे!" आनंदानं.

मग म्हणाले, "चालताना काय होऊन राहिलं सांग." मला काही कळेना. "वर, खाली. वर, खाली. शेतातल्या सरी-वरंब्यासारखं. हा प्रत्येक वरंबा एकेकाळी किनारा होता. वादळ येते, समुद्र गोटे वर फेकते, वरंबा होते. पुढच्या वादळाला त्याच्यापुढे दुसरा. जमीन अशी पुढे सरकली, हजारो वर्षं."

मागे वळून बघितलं. पार्क, रस्ता, लांबवरची घरं, सगळं कधीतरी समुद्राचा काठ. ज्याच्यावर आम्ही झोपतो, तोसुद्धा. पायाखाली हे आहे आणि मी सहा दिवस फक्त पाइप बघतोय.

जुन्या वरंब्यांवरचे गोटे खरखरीत. बाबांनी माझं बोट धरून फिरवलं. दगडफूल! गोड्या मसाल्यातलं असतं ना, त्याची भावंडं. समुद्राकडच्या नव्या गोट्यांवर नाही, ते गुळगुळीत.

२३ नोव्हें., शनि.

मेधा आली. पोळ्या, लिंबाचं लोणचं, माझं जाड जाकीट. दुपारी बाबांनी तिच्यासाठी चहा केला. ती नुसती बघत होती. नंतर गाडीपाशी मला म्हणाली, "त्यांनी चहा ओतताना कपात बोट घातलं होतं, भरला का कळायला. चटका बसला तरी काढलं नाही. शिरीष, बाबांना समोरचं, मधलं काही दिसत नाहीये."

तीन आठवडे एका छपराखाली राहतोय. पेपर वाचत नाहीत, तर वाटलं कंटाळले. माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडे बघतात, तर वाटलं...

आत जाऊन विचारलं. तुम्ही सांगितलं का नाही?

"तू विचारलं का?"

३ डिसें., मंगळ.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे. मेधानं अपॉइंटमेंट मिळवली. दोन्ही डोळ्यांच्या नजरेचा मधला भाग गेलाय, परत येणार नाही. कडेचं थोडं राहील. बाबांना दीड वर्षापासून माहीत होतं. नागपूरच्या डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं. घरात एकटे, आई जाऊन सहा वर्षं, फोनवर मला दर रविवारी "सगळं बेस."

 परतताना गाडीत म्हटलं, एप्रिलमध्ये तुम्ही एकटे कसे जाणार आणि कसे राहणार?

"जसा राहत होतो तसा."

७ डिसें., शनि.

भांडण. पायऱ्यांना दोर बांधला, शेगडीच्या बटणांवर टेप लावली आणि सांगितलं की माझ्याशिवाय पार्कबाहेर जायचं नाही. बाहेर नुसते गोटे, पाय मुरगळला तर हाक मारायला माणूस नाही, पुढे पाणी. मी चुकीचं बोललो का?

बाबा उठून उभे राहिले. "मी काय तुझी कॅराव्हान आहे का, साखळीनं बांधायला?"

त्यानंतर जेवायला बसले, पण माझ्याशी शब्द नाही.

१० डिसें., मंगळ.

अजून अबोला. पॅटशी मात्र गप्पा. तिचं शेफील्डचं इंग्लिश आणि यांचं नागपुरी इंग्लिश, निम्मं एकमेकांना कळत नसणार. हसण्याचे आवाज येतात.

२१ डिसें., शनि.

वर्षातला सगळ्यात लहान दिवस. साडेतीनलाच ऊन आडवं झालं, प्रत्येक गोट्याला स्वतःची सावली. एवढ्या सावल्या! मी शिडीवर, छपराची पन्हळ साफ करत होतो. तेवढ्यात डोक्यावरून स्टार्लिंग पक्ष्यांचा थवा. हजारो. धुरासारखा वळत होता, ताणत होता, पुन्हा गोळा होत होता. शिडीवरच थांबलो, हात गारठले तरी.

खाली बाबा मान वर करून. दिसत नसणार. म्हणाले, "शिऱ्या, पंख ऐकू येऊन राहिले का? पोतंभर तांदूळ ओतल्यासारखे."

चौदा दिवसांनी पहिलं वाक्य. खाली उतरून शेजारी उभा राहिलो. खरंच, तांदूळ.

२७ डिसें., शुक्र.

आजचं आजच लिहायला हवं.

सकाळपासून धुकं. असं धुकं मी बघितलं नव्हतं. दारातून पायरी दिसत नव्हती. दहाच्या सुमारास चाचपत पॅटकडे गेलो तर दार उघडं, फोन टेबलावर, ती नाही, बिस्किट नाही. कुत्रा पळाला असणार आणि ही मागे. बाबांना म्हटलं, "माझा फोन तुमच्याजवळ ठेवा, कोणाचा आला तर घ्या, मी बघून येतो."

दहा मिनिटांत हरवलो. खरंच हरवलो. "पॅट! पॅट!" ओरडायचो, आवाज समोरच पडायचा. मागे वळलो तर मागे म्हणजे कुठे तेच कळेना. पुढे लाटांचा आवाज, मग वाटलं डावीकडे, मग सगळीकडून. भरती चढत होती. काठ तिथं एकदम खाली घसरतो, एक पाऊल चुकलं की गोट्यांसकट आत. बावन्न वर्षांचा माणूस, पाय उचलेना.

आणि मग मागून, अगदी शांत: "उभा राहा तिथंच. हलू नको."

बाबा. काठी घेऊन, कानटोपी, माझं जाड जाकीट.

"अहो, तुम्ही कसे आलात?"

"तू ओरडून राहिला होता ना. आणि मोजत आलो. पार्कापासून पाण्यापर्यंत अठ्ठावीस वरंबे. तू पंचविसाव्यावर उभा आहेस. अजून तीन आणि गेला असता."

मी त्यांचा हात धरायला गेलो. त्यांनी माझा धरला.

"आता गप्प बस. ऐक." मला काही ऐकू येत नव्हतं. त्यांना आलं. कुत्रा. आम्ही त्याच वरंब्यावरून आडवे चालत गेलो, चढ नाही उतार नाही, बाबा पायानं गोटे चाचपत पुढे. मग दोन वरंबे मागे. सरीत पॅट बसलेली, घोटा सुजलेला, ओठ निळे, बिस्किट मांडीवर. मला वाटलं रडतेय. शिव्या देत होती, कुत्र्याला.

येताना ती माझ्या खांद्यावर, बाबा पुढे. मोठ्यांदा मोजत, तिच्यासाठी इंग्लिशमध्ये. "ट्वेंटीटू. ट्वेंटीवन. रफ नाउ, गुड, ओल्ड स्टोन्स." कुठेही थांबले नाहीत. "वन" म्हणाले आणि माझा पाय डांबरावर पडला. समोर आमचीच पायरी.

पॅट त्यांच्याकडे वळली. "हाउ द हेल डिड यू डू दॅट?"

बाबा म्हणाले, "मॅडम, आय ॲम इन फॉग एव्हरी डे."

२८ डिसें., शनि.

पॅटच्या घोट्याचं हाड शाबूत. मेधानं व्हिडिओवर बघितलं, मग मी क्लिनिकला नेऊन आणलं.

बाबांना विचारलं, अठ्ठावीस कधी मोजले? म्हणाले, रोज. मी सकाळी साखळ्या तपासायला गेलो की हे निघायचे. मी मनाई केली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून.

रागवायला हवं होतं.  या माणसाला मी टेप लावलेली शेगडी दिली होती.

टेप काढली. दोरही.

५ जाने., रवि.

इथंच वाढलेली लेक सई आली, युनिव्हर्सिटी सुरू व्हायच्या आधी दोन दिवस. आल्या आल्या वादळ. गॅरी, म्हणजे पार्कचा मॅनेजर, त्याचा फोन: साखळ्या पुन्हा बघ, पुढची रांग सोडून मागे राहा. दुपारभर कॅराव्हान होडीसारखी हलत होती. पाण्याचा आवाज नव्हताच तो. लाट परतताना काठावरचे सगळे गोटे एकदम ओढून नेते, तो आवाज. छातीत जाणवतो.

बाबा: "डोळे मिट दोघंही." सईनं मिटले, मीही. ओढ. थांबणं. फेक. ओढ. थांबणं. फेक.

"काम चालू आहे त्याचं," बाबा म्हणाले.

६ जाने., सोम.

सकाळी वारा पडला. तिघं गेलो. बाबा मोजत होते. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस, आणि पाऊल पुढे टाकून थबकले. पुढे चढ होता. काल नव्हता.

नवा वरंबा. माझ्या कमरेएवढा, लांबच लांब, धुकट ऊन पडलेलं, गोटे ओले, एकावरही डाग नाही. बाबा खाली बसले आणि दोन्ही तळहात त्यावर ठेवले. बराच वेळ. चाळीस वर्षं फळ्यावर खडूनं काढला असेल हा.  कालपर्यंत जी जमीन नव्हती, तिच्यावर माझा बाप हात ठेवून बसलेला.

सई म्हणाली, "आजोबा, हा नवीन जमीन कोणाचा आहे?"

बाबा हसले. "सध्या तुझा. पाय ठेव."

तिनं बूट काढून पाय ठेवला. जानेवारीत. किंचाळली.

१९ जाने., रवि.

गॅरी विचारतोय, वर्षभर राहशील का? आणि मिल्टन कीन्समधून नोकरीसाठी एका रिक्रूटरचा फोन, मंगळवारी इंटरव्ह्यू आहे. मेधा म्हणते घाई करू नको. आज आली होती ती; इथून निघताना पहिल्यांदाच गाडीच्या काचेतून मागे बघत होती.

२ फेब्रु., रवि.

बाबांच्या व्हिसाचं सगळीकडे विचारलं. वाढणार नाही. कायमचं आणणं तर जवळजवळ अशक्य. मेधा, मी, सई, तिघं फोनवर. मार्ग निघत नाही. बाबा बाजूला बसून शेंगा सोलत होते. म्हणाले, "मला कोणी विचारून राहिलं का?"

विचारलं.

"मला माझ्या घरी जायचं आहे. तिथले वरंबे मला पाठ आहेत. रस्ता ओलांडताना तेवढा त्रास होते." मग थोड्या वेळानं, अगदी हळू, "आणि संध्याकाळी."

संध्याकाळी काय, ते नाही सांगितलं.

११ फेब्रु., मंगळ.

मिल्टन कीन्सवाल्यांनी होकार कळवला. शुक्रवारपर्यंत उत्तर हवंय. पॅटला सांगितलं. ती म्हणाली, बस चालवताना तिला एकच गोष्ट कळली, की लोक चुकीच्या बसमध्येसुद्धा शेवटपर्यंत बसून राहतात, उतरायची लाज वाटते म्हणून.

१४ फेब्रु., शुक्र.

नाही म्हणून कळवलं. मेल पाठवल्यावर बाहेर जाऊन उभा राहिलो. भीती वाटली, खोटं कशाला लिहू.

२० फेब्रु., गुरु.

आज ठरवून बाबांना सांगितलं: मार्चअखेरीला माझं इथलं काम संपतंय. तुमच्याबरोबर नागपूरला येतो. मेधाशी बोलणं झालंय. गॅरीला सांगितलंय की उन्हाळ्याचं आत्ता सांगू शकत नाही.

बाबा वळले. माझ्या कानाकडे बघत, म्हणजे माझ्याकडेच. मग, "किती दिवस?"

लॅपटॉपवर तिकिटाचं पान उघडं होतं. दोघांची नावं भरून झाली होती. बाबांचं तिकीट एकेरी. माझ्या नावापुढे परतीच्या तारखेचा चौकोन रिकामा.

"तुम्ही सांगा," म्हटलं.

"मी सांगू?"

"हो."

उठले. कानटोपी घातली, काठी घेतली. दारात थांबून म्हणाले, "विचार करून सांगतो. असं एकदम कसं सांगू?" आवाज थोडा वेगळा. मी ओळखतो तो, आई गेली तेव्हा ऐकला होता.

खिडकीतून दिसत होते. वाऱ्यात तिरके, एक एक वरंबा चढत, उतरत. मग एवढ्या मोठ्या आकाशाखाली एक ठिपका. मग एका सरीत उतरले आणि दिसेनासे झाले.

वेबसाइटनं वेळ संपली म्हणून बाहेर काढलं. सगळं पहिल्यापासून भरावं लागेल. चहाचं आधण ठेवलंय. बाबा अजून आले नाहीत.