हाजी मित्वल्लींचा उतरता आलेख

दमयात, गुरुवार

आदरणीय रुश्दी मामा,

तुमच्या वगीहचा सलाम आणि तुमच्या उजव्या हाताचं चुंबन. तुमची साखर ताब्यात असेल, सनिया मामींचे गुडघे जिना चढू देत असतील आणि गच्चीवरची तुमची कबुतरं शेजाऱ्यांच्या कबुतरांना फितवून आणण्याचं पुण्यकर्म नेटानं करत असतील, अशी आशा आहे. मी धडधाकट आहे. डोकं तेवढं ठिकाणावर नाही, पण ते पूर्वीही नव्हतं असं मामी म्हणतील, तेव्हा ती बातमी धरू नका.

तुमच्या शब्दाखातर हाजी मित्वल्लींनी मला त्यांच्या मिठाईच्या कारखान्यात संगणकासमोर बसवलं, हे उपकार मी विसरलेलो नाही. (हाजी अस्सल दमयातकर. पाहुण्याला 'जेवणार, की हलक्या पोटानं झोपणार?' असं विचारतात आणि उत्तर यायच्या आत दिवा मालवतात.) मध्यंतरी त्यांनी एका फर्निचरवाल्याच्या कचेरीत भिंतीवरच्या पडद्यावर रंगीत आलेख पाहिले आणि ती हौस घेऊनच ते घरी आले. दुकानांची विक्री, फुटलेले डबे, कामगारांचं उशिरा येणं, सगळ्याच्या रेषा आपल्याही भिंतीवर हव्यात, आणि त्या पाहून रास-अल-बरचं दुकान ठेवायचं की बंद करायचं ते ठरणार! आता ते दुकान चालवते इन्शिराह. तूर्त एवढंच सांगतो, की समुद्रावरच्या त्या दुकानात पाकात भिजवलेला रव्याचा बस्बूसा चांगला मिळतो, मला बस्बूसा अजिबात आवडत नाही, आणि तरी दर शुक्रवारी मी तिथे जाऊन तो खातो.

आलेखांसाठी जावास्क्रिप्टची एक लायब्ररी, म्हणजे कुणीतरी आयता लिहून ठेवलेला कोड, घेतली. पैसे मोजून मिळणाऱ्या जास्त बऱ्या असतात म्हणे, पण 'फुकट' हा शब्द हाजींच्या कानाला बस्बूशाहून गोड. पहिल्या दिवशी पडदा कोरा. चौकटीला मी रुंदी दिली होती, उंची द्यायला विसरलो होतो. बिचारा आलेख निघत होता, पण शून्य उंचीत. हाजी म्हणाले, "काहीच दिसत नाही? हे तर माझ्याकडे आधीपासून होतं!" उंची दिली, तर रमजान सरकला. या जावास्क्रिप्टमध्ये महिने शून्यापासून मोजतात, जानेवारी म्हणजे शून्य (हे ठरवणाऱ्याच्या घरी पगार कधी होतो, अल्लाला ठाऊक). मी आपले भल्या माणसासारखे एकपासून मोजले आणि रमजानातली कतायफची सगळी विक्री महिनाभर पुढे जाऊन बसली. "रोजे संपल्यावर कतायफ कोण खातं रे? तुझी आई?" असं हाजींनी विचारलं. (आईला कळवू नका.) ते निस्तरलं, तर भूत निघालं. नवा आलेख काढण्याआधी जुना मोडायचा असतो. मी तो तसाच ठेवून त्याच्यावरच नवा काढत होतो, त्यामुळे माऊस फिरवला की खालून गेल्या वर्षीच्या रेषा उसळून यायच्या. हाजींनी तो जिन्न ठरवला आणि पडद्यासमोर लोबान जाळला. मी खोकत खोकत जुना आलेख मोडणारी ओळ लिहिली, भूत गेलं आणि श्रेय लोबानाला मिळालं.

शेवटी सगळं जागेवर आलं. रास-अल-बरची रेषा हिवाळ्यापासून अशी चढलेली, की माझा ऊर भरून आला. हाजींनी चष्मा पुसला, पडदा निरखला आणि म्हणाले, "इन्शिराहला सांग, महिनाअखेर कुलूप लाव. पार बुडालं." आणि त्याच दमात माझी पाठ थोपटली, "तुझं मात्र शाबास! उशिरा येणं कमी होतंय." मामा, मला दोन्ही कळेनात, दुसरं तर त्याहून कळेना. इन्शिराहला फोन केला, तर ती कडाडली, "माझ्या दारात रांग लागते आणि तुझ्या भिंतीवर दुकान बुडतं? आलेख काढतोस की माझी कबर खणतोस?" तिनं ते दुकान स्वतःच्या हिमतीवर उभं केलंय, आणि ते बंद पडणार होतं माझ्या हातून.

मग मी हाजींनाच म्हटलं, नेमकं कुठे बुडालं ते दाखवा. त्यांनी बोट जिभेला लावलं, पडद्याच्या उजव्या टोकाला वर टेकवलं आणि डावीकडे खाली ओढत आणलं. "इथून निघाली, इथे आपटली." मी कपाळावर हात मारून घेतला. पान सगळं अरबी, मथळे उजवीकडून, फक्त रेषा तेवढी डावीकडून उजवीकडे धावत होती! खालच्या तारखा दाखवल्या, तर म्हणे त्या मुंग्या मला दिसत नाहीत. डावीकडून वाचा म्हटलं, तर म्हणाले, "मी जन्मात डावीकडून काही सुरू केलं नाही, जेवणसुद्धा नाही." शहाण्यानं तिथे वाद घालू नये. लायब्ररीत आडवा अक्ष उलटा करायची सोय असते, ती मी घाईघाईनं सगळ्या आलेखांना एकदमच लावली. रेषा उजवीकडून निघाली आणि डावीकडे चढली. "माशाल्ला!" हाजी म्हणाले, "दुकान राहू दे. शेजारचा गाळाही घेऊन टाका." इन्शिराहनं बस्बूशाची आख्खी परात पाठवली. मी ती संपवली. यावरून काय ते ओळखा.

मामींना सलाम, कबुतरांना दाणे.

तुमचाच,
वगीह

ता. क. ओळखलंच असेल. इन्शिराहला वडील नाहीत, काका आहेत. पुढच्या शुक्रवारी तुमचा करडा कोट घालून या; सोयरीक पक्की करताना फातिहा वाचायला माझ्या बाजूनं वडीलधारं माणूस हवं. काकांची एकच अट आहे: मुलगा कायमच्या नोकरीत हवा.

ता. क. दुसरा. अक्ष मी सगळ्याच आलेखांचे उलटवले, कामगारांच्या उशिराचासुद्धा. आज सकाळी हाजींनी ओलं बोट उजवीकडे खाली टेकवलं आणि माझ्या रेषेवरून वर नेत नेत पार डाव्या कोपऱ्यात छतापाशी थांबवलं. तेव्हा मामा, तुमच्या खिळेमोळ्यांच्या दुकानात एखादी कायमची जागा निघेल का?

ता. क. तिसरा. राहू दे. नोकरी गेल्याचं इन्शिराहला कळलंच. नव्या गाळ्यात बस्बूशावर पाक ओतायला तिला माणूस हवाय, आणि तो निवडायची मुभा हाजींनी तिला दिली आहे. म्हणाली, "पहाटे फजरच्या नमाजानंतर लगेच यायचं. उशीर झाला, तर रेषा भिंतीवर नाही, पाठीवर काढीन." तर मामा, कोट विसरलात तरी चालेल, पण मामींचं ते किंचाळणारं गजराचं घड्याळ आठवणीनं आणा.